इंडेक्स प्लेटमधे २५ का नाही

गेल्या रविवारी माझ्या वर्कशॉपच्या शेडवरनं डिव्हायडिंग हेडच्या (गिअर कापताना गोल तुकडा मापात फिरवायचं साधन) तिन्ही इंडेक्स प्लेटा, म्हणजे भोकांच्या तबकड्या, घरी घेऊन आलो. पावसाळ्यात त्यांच्या भोकांत तांबडा गंज धरतो, मग पिन नीट बसत नाही, आणि पिन नीट बसली नाही की गिअरचा दात चुकतो, त्यामुळं वर्षातनं एकदा डिझेलमधे बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायच्या असा माझा नेम आहे. बायकोला डिझेलचा वास सहन होत नाही म्हणून गॅलरीत बसलो होतो. शेजारी पोरगी पाचवीचं गणित घेऊन बसलेली, स्कॉलरशिपचा अभ्यास, विभाजक विभाज्य मूळ संख्या संयुक्त संख्या सहमूळ जोडमूळ आणि काय काय.

तिनं वहीत १ ते १०० चा तक्ता काढला होता आणि खोडाखोडी चालू होती. २ ला गोल, २ च्या पाढ्यातले बाकी सगळे खोड, ३ ला गोल, ३ च्या पाढ्यातले खोड, ४ तर आधीच गेलाय, ५ ला गोल, ७ ला गोल, आणि तिथं थांबली. मी म्हटलं ११ चे खोडले नाहीस? तर म्हणाली, "पप्पा, ११ चे सगळे आधीच गेलेत. बावीस दोननं गेला, तेहतीस तीननं गेला. नवा पहिला ११ गुणिले ११, तो १२१, तो माझ्या तक्त्यात नाहीच." हे मला तिच्या वयात कुणी सांगितलं नव्हतं, मी आपला १३, १७ करत बसायचो. उरलेल्या गोलांची मोजणी पण तिच्याकडं पाठ, प्रत्येक दहाच्या ओळीत किती मूळ संख्या ते ओळीनं लिहायचं, ४४२२३२२३२१, मोबाईल नंबरसारखं. बेरीज २५. आपल्याकडं मोबाईल नंबर ४ नं सुरू होत नाही हा भाग वेगळा.

तर घासून झालेली एक प्लेट तिनं पुसायला घेतली. बिडाची जाड तबकडी, तिच्यावर एकात एक सहा वर्तुळं, प्रत्येक वर्तुळावर सारख्या अंतरानं भोकं, आणि त्या रिंगमधे किती भोकं आहेत तो आकडा शेजारी ठोकलेला. तिन्ही प्लेटांचे आकडे तिनं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. का घेतले माहीत नाही, पोरांना आकडे दिसले की लिहायची खोडच असते.

पहिली: १५, १६, १७, १८, १९, २०.
दुसरी: २१, २३, २७, २९, ३१, ३३.
तिसरी: ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९.

मग थोड्या वेळानं प्रश्न आला. "पप्पा, ह्यात २५ कुठाय?"

मी म्हटलं नाही. "आणि २४? २२? ३०?" नाहीत. "मग तुम्ही २५ दातांचा गिअर कसा करता?"

आता मी सव्वीस वर्षं ह्या प्लेटा वापरतोय. आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड केला, मग उद्यमनगरात एका मेस्त्रींच्या हाताखाली, मग स्वतःची शेड. २५ चा गिअर कसा करायचा ते झोपेत सांगीन. पण २५ ची रिंग का नाही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नाही म्हणजे नाही, कंपनीनं दिलेली नाही, विषय संपला.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिलिंग मशीनवर गिअर कापायचा म्हणजे गोल ब्लँक (अजून दात न पाडलेली चकती) डिव्हायडिंग हेडवर धरायची, कटरनं एक खाच पाडायची, मग ब्लँक नेमकी एक दात पुढं फिरवायची, परत खाच. ही 'नेमकी एक दात' भानगडच सगळी अवघड. हेडच्या पोटात एक वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि ४० दातांचं चाक असतं, म्हणजे बाहेरचं हँडल ४० वेळा फिरवलं की आतली ब्लँक एकदा फिरते. १० दात पाहिजेत? प्रत्येक दाताला हँडल ४ फेरे. २० दात? २ फेरे. आणि २५ दात पाहिजेत तर ४० भागिले २५, एक पूर्ण फेरा आणि वर २५ पैकी १५ भाग. हा वरचा अर्धवट फेरा मोजायला ती भोकांची प्लेट. हँडलला पिन असते, ती भोकात बसते.

"तर मग २५ भोकांची रिंग पाहिजे की," ती म्हणाली, "२५ पैकी १५ भोकं पुढं जायला."

मी म्हटलं १५ छेद... म्हणजे पंचवीसांश पंधरा, त्याला संक्षिप्त रूप दे. तिनं वहीत केलं, पाचनं भाग, तीन पंचमांश. म्हणजे मला २५ ची रिंग लागतच नाही, ५ च्या पाढ्यातली कुठलीही रिंग चालते. पहिल्या प्लेटवर १५ ची रिंग आहे, तिच्यात ९ भोकं पुढं जायचं. किंवा २० ची घ्या, १२ भोकं. काम तेच.

(इथं एक सांगतो, ९ भोकं म्हणजे पिन आत्ता ज्या भोकात आहे ते धरायचं नाही. नवी पोरं हमखास ते धरतात आणि मग प्रत्येक दाताला एक भोक कमी जातं. त्यासाठीच सेक्टर आर्म नावाचे दोन पाते असतात, कैचीसारखे, एकदा लावून ठेवले की मोजायचं कामच नाही. तरी पोरं मोजतात. आणि हँडल चुकून जास्त फिरलं तर नुसतं मागं आणून चालत नाही, बरंच मागं जाऊन परत पुढं यायचं, वर्मला ढिलाई असते.)

मग ती कामालाच लागली. एकेक गाळलेला आकडा घेऊन ४० ला भागायला लागली. २२ दात? ४० भागिले २२, दोन्हीला दोननं भाग, अकरांश वीस, म्हणजे ११ च्या पाढ्यातली रिंग पाहिजे, ३३ आहे. २४? संक्षिप्त केलं की तीन उरतो, १८ चालते. २६? १३ उरतो, ३९ आहे. २८? ७ उरतो, २१ आहे. ३५ ला पण ७ च उरतो. ४५ ला ९ उरतो, १८ पण चालते, २७ पण चालते. ४८ ला ६ उरतो, १८. प्रत्येक ठिकाणी ४० त्या आकड्यातला काही ना काही भाग खाऊन टाकतो आणि उरलेल्याची रिंग कुठंतरी सापडतेच.

मी आपला ब्रश मारत होतो. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "मी सांगतो थांबा." (आमच्याकडं कोल्हापुरात पोरी पण 'सांगतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी हसायचं नाही.) "दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लेटवर फक्त विषम आहेत. आणि ५ च्या पाढ्यातला एक पण नाही. २१ ते ४९ मधले असे सगळेच्या सगळे आहेत, बाकीचं काहीच नाही."

मी प्लेटा परत हातात घेऊन बघितल्या. २१, २३, २७, २९, ३१, ३३, ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९. खरंच की. २५, ३५, ४५ गाळलेत, सम सगळे गाळलेत, बाकी एकही विषम सुटलेला नाही. ४० चे मूळ अवयव दोनच, २ आणि ५. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले पाच. तर ज्या संख्येत २ पण नाही आणि ५ पण नाही तिच्याशी ४० चं काहीच कटत नाही, तिच्या पुस्तकाच्या भाषेत ती ४० शी सहमूळ, मसावि १. तेवढ्यांनाच स्वतंत्र रिंग दिलीय. बाकीच्यांना द्यायची गरज नव्हती म्हणून दिलेली नाही. पहिल्या प्लेटवर मात्र १५ ते २० सरसकट सगळे, कारण कटून उरणारे ३, ४, ५, ६, ८, ९ कुठंतरी बसवायला पाहिजेतच ना.

सव्वीस वर्षं. रोज हातात. आणि ते गॅलरीत बसून पाचवीच्या पोरीनं सांगावं.

ही ब्राउन अँड शार्पची मांडणी आहे, मूळची अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावची कंपनी, आपल्याकडच्या बहुतेक वर्कशॉपची पुस्तकं तीच शिकवतात. ज्या कुणी हे आकडे ठरवले त्यानं आधी कागदावर पोरीसारखीच खोडाखोडी केली असणार असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. एक जादा रिंग म्हणजे आणखी चाळीस पन्नास भोकं, तीही नेमक्या अंतरावर, फुकट कोण पाडंल.

पण खरी गंमत मूळ संख्यांची आहे. संयुक्त संख्या असेल तर बऱ्याचदा काहीतरी जुगाड निघतो, ४० थोडं खातं, उरलेलं दुसऱ्याच्या रिंगमधे बसतं. २८ ला २१ च्या घरात जाऊन राहता येतं. पण २३ घ्या. २३ ला विभाजक दोनच, १ आणि २३. ४० त्यातलं काही खाऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या रिंगमधे तो बसत नाही, त्याच्या स्वतःच्या पाढ्यातली रिंग असंल तरच काम होतं, २३ किंवा ४६ किंवा ६९. प्लेटवर २३ आहे, म्हणून २३ दात होतात. २९ आहे म्हणून २९ होतात. ७, ११, १३ हे लहान असल्यामुळं २१, ३३, ३९ मधे पोटभाडेकरू म्हणून राहतात. १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७ ह्या प्रत्येकाला स्वतःची खोली द्यावी लागलीय. आणि ४९ वेगळी का, ७ तर २१ मधे होता? कारण ४९ मधे ७ दोनदा आहे आणि २१ मधे एकदाच.

ह्या तीन प्लेटांवर ५० पर्यंतचा कुठलाही आकडा होतो. पहिला अडतो तो ५१.

५१ हा फार लबाड आकडा आहे. बघितलं की मूळ संख्या वाटतो. पाढ्यात कुठं ऐकलेला नसतो ना. पण अंकांची बेरीज ६, म्हणजे ३ नं भाग जातो, सतरा त्रिक एक्कावन्न. असाच ५७, एकोणीस त्रिक. आणि ९१, तो तर ३ च्या कसोटीतनं पण सुटतो, सात तेरे एक्क्याण्णव. पोरीनं पण ९१ ला आधी गोल केला होता आणि मग ७ च्या वेळी खोडला. तिला सांगितलं वाईट वाटून घेऊ नकोस, अलेक्झांडर ग्रोथेंडिक म्हणून विसाव्या शतकातला फार मोठा गणिती होऊन गेला, त्यानं भाषणात उदाहरण म्हणून मूळ संख्या सांगताना ५७ सांगितली असा किस्सा सांगतात.

तर ५१. तीन आणि सतरा, दोघंही पहिल्याच प्लेटवर आहेत, पण वेगवेगळ्या रिंगमधे, एका रिंगमधे दोघं एकत्र नाहीत. ह्याला कंपाउंड इंडेक्सिंग म्हणून एक उपाय असतो, हँडल १७ च्या रिंगमधे २ भोकं पुढं न्यायचं आणि मग प्लेटसकट १८ च्या रिंगमधे १२ भोकं. तिला म्हटलं बेरीज करून बघ, दोन सतरांश अधिक दोन तृतीयांश. लसावि ५१, सहा अधिक चौतीस, एक्कावन्नांश चाळीस. बरोब्बर. ती खूश. मी मात्र प्रत्यक्षात हे क्वचितच करतो, दोन दोन पिना, दोन दोन मोजण्या, ५१ वेळा, आणि एकदा कुणी शेडमधे येऊन "मालक, चहा सांगू का" म्हटलं की गेलं सगळं.

आणि ५३ ला हा उपाय पण नाही. ५३ मूळ. तो तुटत नाही, दोन तुकड्यांची बेरीज करून पण होत नाही, कारण तुकडे कुठल्याही रिंगचे घेतले तरी त्यांच्या छेदात ५३ यायचा कुठनं?

ह्या ५३ चा आणि माझा जुना हिशेब आहे.

स्वतःची शेड टाकली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका छापखान्याचा माणूस जुन्या छपाई मशीनचा तुटका गिअर घेऊन आला, चार मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप), एका बाजूचे दात उडालेले, बाकीचे झिजलेले. उडालेल्या जागेत किती दात होते ते अंदाजानं धरायचं. मी मोजले. एकदा ५२ आले, एकदा ५३. बाहेरचा व्यास मापला तर झिजेमुळं तोही मधेच कुठंतरी, ५३ ला २२० मिलीमीटर पाहिजे, ५२ ला २१६, माझा आला २१७ आणि थोडं. आता खरं सांगतो, मी ५२ का धरला. ५२ प्लेटवर होतो. दहा तेरांश, ३९ ची रिंग, ३० भोकं, सुटसुटीत. ५३ होत नाही, त्याला चेंज गिअर (गरजेप्रमाणे बदलून लावायचे सुटे गिअर) लावायला लागतात, आणि ते मी आयटीआयमधे परीक्षेपुरतं लिहिलं होतं, हातानं कधी केलं नव्हतं. मग डोळ्यांना ५२ च दिसायला लागले. माणसाचं असंच असतं, जमतंय ते खरं वाटतं.

गिअर मशीनवर चढला, फिरला पण. चार दिवसांनी माणूस परत. मशीन म्हणे असं खडखडतंय की शेजारचे दुकानवाले भांडायला आले. पैसे मागितले नाहीत बिचाऱ्यानं, नुसता गिअर टेबलावर ठेवला आणि बसून राहिला.

त्या संध्याकाळी आमचे मेस्त्री चहाला आले होते. त्यांनी गिअर हातात पण घेतला नाही. म्हणाले, "जोडीचा पिनियन किती दातांचा?" पिनियन म्हणजे मोठ्याला जुळणारा लहान गिअर. मी फोन करून विचारलं. १३. मेस्त्री हसायलाच लागले. "तेरा चोक बावन्न. मग ५२ कसा असंल लेका? गिअर बनवणारा येडा होता काय?"

मला कळंना. मग त्यांनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. पिनियन १३ चा, मोठा गिअर ५२ चा. लसावि ५२. म्हणजे मोठ्या गिअरचा एकच फेरा झाला की परत तेच दात त्याच दातांसमोर. पिनियनच्या एका दातावर जरा जरी खरवड असली, तर तो मोठ्या गिअरच्या त्याच चार दातांना जन्मभर ठोकत राहणार, बाकीचे दात नवेकोरे आणि ते चार खलास. आता मोठा ५३ चा करा. १३ आणि ५३, दोन्ही मूळ, मसावि १, लसावि ६८९. एकदा भेटलेली जोडी परत भेटायला मोठ्या गिअरला १३ फेरे मारायला लागतात, आणि तोवर प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटून येतो. झीज सगळ्यांत वाटली जाते. हा जो एक जादाचा दात, त्याला हंटिंग टूथ म्हणतात. जुन्या मशीनवाल्यांनी हे मुद्दाम केलेलं असतं. गुणोत्तर साधारण चारच पाहिजे असतं पण नेमकं चार नको असतं.

म्हणजे त्या गिअरच्या दातांची संख्या मूळ असणं हा योगायोग नव्हता, कुणीतरी ड्रॉइंग बोर्डवर बसून ठरवलेलं होतं, आणि मी सोयीसाठी तो आकडा गोल करून टाकला होता.

मग ५३ कापला. दोन दिवस लागले, त्यातला दीड दिवस समजून घेण्यात. ह्याला डिफरेन्शियल इंडेक्सिंग म्हणतात. ५३ होत नाही ना, तर ५६ होतो असं समजायचं, २१ च्या रिंगमधे १५ भोकं. ५६ नं गेलं तर प्रत्येक वेळी ब्लँक जरा कमी फिरणार. ती उणीव भरून काढायला मागच्या बाजूनं स्पिंडलला (ब्लँक फिरवणारा दांडा) चेंज गिअर जोडायचे, म्हणजे हँडल फिरवलं की इंडेक्स प्लेट स्वतः पण त्याच दिशेनं जराशी सरकते. किती सरकायची? ब्लँकच्या एका पूर्ण फेऱ्याला सात पंधरांश फेरा नाही, उलट, सप्तमांश पंधरा. ७२ आणि ४० चे चालवणारे, २४ आणि ५६ चे चालणारे. ५३ व्या खाचेनंतर हँडल फिरवलं आणि कटर अलगद पहिल्याच खाचेत येऊन बसला, कुठं घासला नाही, तेव्हा जो आवाज येत नाही ना, तो आवाज न येणं मला अजून आठवतं. छापखानेवाल्याकडनं दुसऱ्या गिअरचे पैसे घेतले नाहीत, तो आता पण येतो.

तसं सिनसिनाटी ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या प्लेटवर ५१, ५३, ५७, ५९ सगळ्या रिंगा आहेत. तिथं ६१ ला अडतं. प्लेट केवढी पण मोठी करा, पुढची मूळ संख्या बाहेर उभीच असते, त्या संपतच नाहीत.

पोरीला हे सगळं सांगितलं नाही हां, छापखान्याचं तर नाहीच, बापाची थोडी इज्जत राहू दे. लेथचं मात्र सांगितलं, कारण चेंज गिअरच्या डब्यात तिला एक मोठा गिअर दिसला होता मागं शेडवर आलेली तेव्हा. लेथचे सुटे गिअर कसे असतात, २०, २५, ३०, असे पाचाच्या पाढ्यानं १२० पर्यंत. आणि त्यांच्यात एकच उपरा, १२७. ना पाचाच्या पाढ्यात ना कुणाच्या. मूळ संख्या आहे ती, ११ पर्यंत भागून बघा, १३ चा वर्ग १६९ म्हणजे पुढं बघायची गरज नाही. हा पाहुणा कशासाठी? तर एक इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर, १९५९ पासनं नेमका एवढाच. २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. इंची लीड स्क्रूच्या (हत्यार पुढं सरकवणारा लांब स्क्रू) लेथवर मिलीमीटरचे आटे पाडायचे झाले की हिशेबात १२७ येणारच, आणि मूळ असल्यामुळं कशानंच कटणार नाही, म्हणून तेवढ्या दातांचा गिअर प्रत्यक्ष डब्यात ठेवायला लागतो. ४ टीपीआयच्या (इंचाला ४ आटे) स्क्रूवर २ मिलीमीटर पिचचे (दोन आट्यांतलं अंतर) आटे, तर ४० चालवणारा, १२७ चालणारा. मेस्त्री म्हणायचे दोन देशांच्या भांडणाचे १२७ दात आपण उचलतोय. ज्यांच्याकडं १२७ नसतो ते ६३ चा वापरून भागवतात, ६३ भागिले १६०० हे एक मिलीमीटरच्या इंचातल्या मापाच्या अगदी जवळ आहे, मीटरभर लांबीला ०.१२५ मिलीमीटरचा फरक. नटबोल्टला कोण विचारतो. पण लांब स्क्रू असंल तर शेवटाला नट अडकतो आणि मग गिऱ्हाईक पण अडकतो.

आता कुणी म्हणंल हे सगळं जुनं झालं, सीएनसी आल्यावर कशाला पाहिजेत मसावि आणि लसावि. माझा पुतण्या व्हीएमसी (सीएनसीचं उभं मिलिंग मशीन) चालवतो, चौथा म्हणजे गोल फिरणारा अ‍ॅक्सिस लावून गिअर पण करतो. त्याला मागच्या वर्षी हाच ५३ आला. ३६० भागिले ५३, कॅल्क्युलेटरवर ६.७९२४५२८ आणि पुढं चालूच. त्यानं ६.७९२ टाकलं आणि दर दाताला तेवढंच पुढं. प्रत्येक वेळी केसाच्या टोकाएवढं कमी, पण ते साठत गेलं आणि शेवटचा दात साधारण ०.०४ मिलीमीटर जाड निघाला. प्रत्येक दाताचा कोन शून्यापासनं मोजला असता तर काही झालं नसतं. गंमत म्हणजे साधे ७ भाग करायचे तरी ३६० भागिले ७ संपत नाही. आणि माझ्या गंजक्या प्लेटवर ५ फेरे आणि २१ च्या रिंगमधे १५ भोकं, नेमकं, एक केस इकडचा तिकडं नाही. दशांश अपूर्णांकाला २ आणि ५ सोडून कुणाशी जमतच नाही.

असो. तर रविवारचं सांगत होतो. प्लेटा पुसून, तेलाचा हात मारून, वर्तमानपत्रात गुंडाळल्या. पोरगी अजून त्या मागच्या पानावरच होती. म्हणाली चौथी प्लेट करू आपण. ओळीनं लिहिलं पण होतं: ५१, ५३, ५७, ५९, ६१, ६३. सहाच्या सहा. मी बघतच राहिलो, बाकीच्यांसारखीच सहा रिंगांची, नियमानं बरोबर पुढची.

पुठ्ठा आणला, कंपासनं वर्तुळं काढली. ५१ ची सोडली आणि थेट ५३ घेतली, का तर म्हणे ती सगळ्यात अवघड. कोनमापक लावला. सहा अंश आणि पुढं काय ते तिच्या कोनमापकावर दिसंना. थोडा वेळ खटपट केली आणि मग विचारलं, "पप्पा, ५३ भोकांची प्लेट करायला आधी ५३ भोकांची प्लेट लागणार. मग पहिली कुणी केली?"

मेस्त्रींनी मला एकदा दाखवलेली युक्ती आठवली. पट्टीवर सरळ रेषेत ५३ सारखे भाग पाडणं सोपं असतं, गोलावर अवघड. तर सरळ पट्टीवर पाडायचे आणि ती पट्टी त्याच घेराच्या गोल वस्तूला गुंडाळायची, टोकाला टोक जुळलं की झाले गोलाचे ५३ भाग. आईची शिलाईची टेप काढली. ५३ सेंटिमीटर घेराचं काहीतरी गोल पाहिजे, म्हणजे व्यास १६.८७ च्या आसपास. दोघं स्वयंपाकघरात. तांब्या लहान, कुकर मोठा, चपात्यांचा डबा फारच मोठा, साखरेचा डबा ४९ भरला (तिसऱ्या प्लेटवर आहे, ती लगेच म्हणाली). पोह्यांचा डबा ५३ आणि वर तीन रेघा.

"तीन रेघा जास्त आहे," ती म्हणाली.

"५३ चिकटपट्टी लावलेल्या टाचण्या... नको, थांब," मी म्हटलं, "प्रत्येक भाग एक सेंटिमीटरपेक्षा बारीकसा मोठा धरू, कागदाची पट्टी आपणच आखू."

आतनं आवाज आला, पोहे आधी दुसऱ्या डब्यात काढा.